मागच्या दारावरचे ओरखडे

मिरचीच्या हंगामात आमच्या घराच्या खिडक्या उघडत नसत. दिवाळी सरली की ओल्या मिरचीच्या गाड्या पथारीवर रिकाम्या व्हायला लागायच्या. त्याच आठवड्यात माय घरभर फिरून एकेक खिडकी लावून घ्यायची, फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायची, आणि होळीपर्यंत त्या चिंध्यांना कुणी हात लावायचा नाही. नंदुरबारच्या बाहेर, कोरीटच्या रस्त्याला आमची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोठं मोकळं रान. लोकांच्या घरापुढे अंगण असतं, आमच्या घराच्या चारी बाजूंना मिरची होती. सकाळी बाया येत, तोंडाला पदर घट्ट बांधून ओळीने बसत आणि देठ खुडत. त्यांच्या बोलण्याची गुणगुण, मधेच एखादीची शिंक, मग तिच्या पाठोपाठ सगळ्या ओळीची शिंक, आणि त्या शिंकांवर सगळ्यांचं हसू, हे सगळं मला बंद खिडकीतून ऐकू यायचं. नवा पाहुणा आला की तो उंबऱ्यातच शिंकायला लागे आणि आबा कौतुकाने म्हणत, माल चांगला आहे या वर्षी. मिरचीचा धंदा करणाऱ्याला दुसऱ्याच्या नाकावरून स्वतःच्या मालाची प्रत कळते.

त्या वर्षी मी घरात होते. घरात होते हे आज लिहायला सोपं आहे. बारावी झाली तेव्हा आबा म्हणाले की कॉलेजचं पुढल्या वर्षी बघू, आणि पुढल्या वर्षी ते बघायचं राहून गेलं. कुणी मला कोंडलं नाही, कुणी हात उगारला नाही. आबा तर इतके मायाळू की मी दुपारी गच्चीवर गेले तर ऊन लागेल म्हणून हाक मारत, आणि संध्याकाळी गेले तर लोक बघतात म्हणून. बाजारातून काही हवं असलं तर मी सांगायच्या आत आणून देत. चप्पलसुद्धा तेच आणत, माझ्या पायाचं माप त्यांना पाठ होतं. आपल्याला कुठेही जायची गरज पडू नये अशी सगळी तजवीज जेव्हा माणसं प्रेमाने करतात, तेव्हा भांडायचं कुणाशी हेच कळत नाही. मी आतून धुमसत होते आणि तोंडाने म्हणत होते, बरं आबा.

माझा भाऊ कैलास सुरतला नोकरीला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. तो मिरचीच्या रिकाम्या पोत्यांच्या खोलीत ठेवलेला होता. भावाने त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ टाकलेला होता, परदेशातले रस्ते, डोंगर, बर्फ, पाऊस, सगळं हुबेहूब. मी तो खेळून पाहिला आणि पहिल्याच वळणावर गाडी झाडावर घातली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. मला काही ती चालवता येईना. पण खेळात एक सोय होती, गाडी आपल्या मनाने रंगवायची. आणि तिथे मात्र माझा हात बसला.

ते काम कसं असतं ते सांगते, कारण आमच्या घरात मी ते कधीच कुणाला नीट सांगू शकले नाही. खेळातल्या गाडीचा बाहेरचा पत्रा उलगडून सपाट कागदावर मांडलेला मिळतो. बॉनेट एकीकडे, टप एकीकडे, दारं आडवी पडलेली. माय ब्लाउज बेतायची तेव्हा शिवण्याआधी पुढचा भाग, पाठ, बाह्या अशा सतरंजीवर पसरायची, अगदी तसंच. त्या सपाट तुकड्यांवर रंगवायचं आणि मग ते गाडीवर चढवून बघायचं. बॉनेटवरून निघालेला पट्टा दारावर नेमका जुळला पाहिजे, एक केस जरी सरकला तरी डोळ्यांत खुपतो. उजव्या बाजूची अक्षरं उलटी उमटतात, ती वेगळी काढावी लागतात. खरी शर्यतीची गाडी वाटायची तर काचेवर चालकाचं नाव आणि रक्तगट हवा, गाडी ओढून काढायच्या कडीपाशी छोटा बाण हवा, टायरवाल्यांची, ऑइलवाल्यांची नावं हवीत. अशा गाड्या रंगवून एकमेकांना देणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, मी त्यात शिरले होते, आणि तिथे खऱ्या कंपन्यांची नावं चालत नव्हती. मग मी माझ्या कंपन्या काढल्या. लवंगी टायर आणि फापडा ब्रेक. दोन्ही मिरचीच्या जाती. ब्राझीलमधला कुणीतरी पोरगा दारावर फापडा ब्रेक लिहिलेली गाडी बर्फातून पळवतोय हे बघून मी त्या पोत्यांच्या खोलीत एकटीच हसले होते.

लाल रंगात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. बाकीचे लोक लाल म्हणजे एकच लाल ओतायचे. मी जन्मापासून लाल बघत आले होते. ओली मिरची सकाळी चकाकते, दुपारी तिच्यावर पांढरट झाक येते, आठ दिवसांनी ती आत ओढली जाऊन काळसर होते, आणि धुळीखालचा लाल तर निराळाच. गाडीच्या टपावर ऊन जास्त म्हणून तिथे रंग फिका, दाराच्या खाली चिखलाने मंद, असं मी करत गेले. आणि मळ. नव्या कोऱ्या गाड्या सगळेच करायचे, मला वापरलेली गाडी करायला आवडे. चाकामागे उडालेले खडे, बॉनेटच्या टोकाला उडालेला टवका, दाराच्या मुठीभोवती हातांनी गेलेली चकाकी. हे सगळं मी आमच्या गाडीवरून शिकले. ती आमची जुनी पांढरी गाडी घरापुढे कडुनिंबाखाली उभी असायची, आणि दुपारी आबा वामकुक्षीला गेले की मी तिचे फोटो काढून घ्यायची.

आमच्या ग्रुपचे म्होरके कोल्हापूरचे एक गृहस्थ होते. वयाने मोठे होते म्हणून त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांचा खरा धंदाच शर्यतीच्या गाड्यांवर स्टिकर कापून चढवायचा होता, खेळ हा त्यांचा रिकामा उद्योग. पहिले काही महिने ते मला मुलगा समजत होते. एकदा मी फोनवर बोलले, तेव्हा म्हणाले, अगं मग आधी सांगायचं नाहीस का, मी कसल्या कसल्या शिव्या दिल्या तुला. शिव्या त्यांनी खरोखरच सढळ हाताने दिल्या होत्या, आणि त्यातली एकही वाया गेली नव्हती.

आता आमच्या गाडीविषयी. ती मी लहान असताना घेतलेली. आबा चालवायचे, त्यांच्या शेजारची जागा रिकामी असली तरी तिथे त्यांची पिशवी आणि उपरणं बसायचं. मागच्या सीटचा उजवा अर्धा भाग दुमडलेला, त्यावर कायम एखाददुसरं पोतं. राहिलेल्या अर्ध्या भागात माय आणि मी. माय खिडकीशी, मी मधे. गाडी थांबली की उतरायची एक रीत होती. आबा उतरून फेरा घालून येत आणि बाहेरून दार उघडत. आबा घाईत असले, पुढे निघून गेले, तर माय हँडल फिरवून काच खाली करायची, हात कोपरापर्यंत बाहेर काढायची, बाहेरची मूठ चाचपडून शोधायची आणि दार उघडायची. तिच्या हातात काचेच्या बांगड्यांच्या पुढेमागे जाडजूड पाटल्या होत्या. दरवेळी त्या पत्र्यावर खर्र करून घासत. दाराच्या आतल्या बाजूलाही एक मूठ होती, पण ती नुसतीच हलायची. माय तिला पिशवी अडकवायची. मला वाटायचं ती त्यासाठीच असते. मागची दारं बाहेरूनच उघडतात, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं माहीत होतं.

त्या हिवाळ्यात मी माझी सगळ्यात चांगली गाडी केली. चार दारांची, लाल, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतीची. दोन महिने तिच्यावर खपले. खिडक्या बंद, बाहेर बायांच्या शिंका, डोळ्यांत कायम थोडी आग, आणि समोर ती गाडी. कुठला डाग खोटा राहू नये म्हणून मी आमच्या गाडीचा इंच न् इंच तिच्यावर उतरवला. मागच्या डाव्या दारावरचे मायच्या पाटल्यांचे ओरखडेसुद्धा, काचेपासून मुठीपर्यंत तिरपे उतरत आलेले, जुने मळके आणि त्यांच्यावर नवे पांढरे. ते जमले तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला. गाडी ग्रुपवर टाकली. खूप वाहवा झाली. मग मामांचा निरोप आला. तो मला शब्दन् शब्द आठवतो.

“पोरी, रंग झकास, मळ झकास. पण मागच्या दारावर हे काय केलंस? ओरखडे वरून खाली आलेत. म्हणजे कुणीतरी आतून हात बाहेर काढून दार उघडतंय. असं कोण करतं? आणि शर्यतीच्या गाडीत मागे बसतंयच कोण? तिथं नुसता पाइपांचा पिंजरा असतो.”

मी त्यांना सरळ लिहिलं, सगळेच तसं उघडतात, मागचं दार आतून उघडत नाही ना.  मला वाटलं ते हसतील. पण त्यांनी लिहिलं की मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावर दिसेल अशी बारकी खिट्टी असते. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून ती लावतात. तुमची लागून राहिली असेल. जाऊन बघ.

मी गेले. दुपार होती, बाया झाडाखाली भाकरी खात होत्या, आबा आत घोरत होते. मागचं दार उघडलं. कडेवर मिरचीची धूळ आणि ग्रीस यांचा चिकट थर होता, तो ओढणीने पुसला. त्याखाली खिट्टी होती. नखाएवढी. तिच्या शेजारी एका लहान मुलाचं चित्र कोरलेलं होतं. मी नखाने ती वर सरकवली, आत बसले, दार लावून घेतलं आणि आतली मूठ ओढली. दार उघडलं. इतकं सहज की मी पडता पडता वाचले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर वळसा घालायलाही कुणी गावात जाऊ दिलं नव्हतं. मी तशीच बसून राहिले. आधी मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग संताप आला. माझ्यासाठी नाही. मला मायचा हात दिसत होता, इतकी वर्षं काचेतून बाहेर येऊन मूठ शोधणारा. खिट्टी मी वरच राहू दिली आणि कुणाला काही बोलले नाही. चित्रातले ओरखडेही पुसले नाहीत. मामांना लिहिलं, चूक आहे, पण राहू द्या. ते म्हणाले, असू दे, कळलं मला.

आजही कुठल्या चार दारांच्या गाडीत बसायची वेळ आली की मी आधी दाराच्या कडेला बघते. माझी मुलं हसतात. हसू देत.

त्यानंतर आठवड्याभराने मामांचा फोन आला, आणि मग तो त्यांच्या बायकोने हातात घेतला. त्यांच्या वर्कशॉपमध्ये शिकायला एक जागा रिकामी होती, चार महिन्यांसाठी. खऱ्या गाड्यांवर काम. गल्लीतच मुलींचं वसतिगृह, जेवण मामींकडे. जमलं तर पुढे कायमचं. होळीनंतर यायचं, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला घेणार होते. मामी म्हणाल्या, तुझ्या वडिलांशी मी बोलू का? मी नको म्हणाले, मीच बोलते. इतकं धाडस माझ्या अंगात कुठून आलं होतं देव जाणे, कारण ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

आमच्याकडे संध्याकाळी खिचडी असायची. वर कच्चं तेल, बाजूला भाजलेल्या बिबड्याचा, म्हणजे ज्वारीच्या पापडाचा, तुकडा. आबा दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत मी थांबले आणि मग एका दमात सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “भागू, खापरवाला लोके हो म्हनी ऱ्हायनात. लगन व्हऊ दे, मंग त्यास्ले इचार.” म्हणजे लग्न झाल्यावर सासरच्यांना विचार. खापर गावचे ते लोक मागच्या महिन्यात मला बघून गेले होते, हे मी इथवर सांगितलं नाही कारण मी ते स्वतःलाही सांगत नव्हते. माय माझ्या ताटात आणखी तेल घालत राहिली. माझी खिचडी त्या तेलात बुडाली तरी तिचं लक्ष नव्हतं.

मग होळीच्या तोंडावर खापरला घर बघायला जायचं ठरलं. मुलीने असं जायची रीत नाही, पण आबांना आपण सुधारलेले आहोत असं दाखवायची हौस होती, म्हणून त्यांनी मलाही गाडीत घातलं. मी मधे, माय खिडकीशी. जाताना सबंध वाट मी त्या आतल्या मुठीकडे बघत होते. मायने तिला नेहमीप्रमाणे पिशवी अडकवली होती. पिशवीच्या वजनाने दार उघडेल की काय अशी मला उगाच धास्ती वाटत होती. खापरला पोचल्यावर आबांनी फेरा घालून बाहेरून दार उघडलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि त्याचाच मला राग आला.

घर चांगलं होतं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. माणसंही वाईट नव्हती. मुलगा एका शाळेत कारकून होता, मान खाली घालून बोलायचा, त्याने मला चहा झाला का म्हणून विचारलं. त्याच्या आईने मला हाताला धरून घर दाखवलं. ओटा, देवघर, माडीवरची खोली, खोलीला एक खिडकी आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या घराची भिंत. तिथे कपाट येईल, तिथे पलंग, ती सांगत होती. कॉम्प्युटर कुठे ठेवता येईल ते शोधत होते मी, आणि शोधता शोधता थांबले. ती बाई मोठ्या अभिमानाने मायला म्हणाली, “आमनाकडे सूनले बाहेर काम पडत नही. समदं घरमाच शे.” तिला वाटलं, याहून मोठं सुख ती मला काय देणार. मी मायकडे पाहिलं. माय खिडकीतल्या भिंतीकडे बघत होती. खाली आबांनी तोंडी शब्द देऊन टाकला होता. अखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न.

परतताना आबा गुणगुणत होते. तळोद्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला जिलेबीचं दुकान दिसलं तसं त्यांनी गाडी थांबवली. घरी बायांना वाटायला जिलेबी घेतो म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते, ते गेले की गाडी हलायची. आम्ही दोघी मागे.  खरं सांगते, मला त्या वेळी मरून जावंसं वाटलं होतं, आणि ते इतक्या शांतपणे वाटलं होतं की त्याचंच भय वाटलं.

मायने विचारलं, तू त्या खोलीत बसून काय करतेस ते मला दाखव एकदा. इतक्या महिन्यांत तिने कधी विचारलं नव्हतं. मी फोन काढून ती लाल गाडी दाखवली, बोटाने फिरवून फिरवून. तिने नाव वाचलं, फापडा ब्रेक, आणि खुदकन हसली. मग मागचं दार समोर आलं आणि तिचं हसू थांबलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग काच खाली केली, मान बाहेर काढून आमच्या गाडीचं दार पाहिलं, आणि परत फोन पाहिला.

“ह्या मन्ह्या पाटल्यास्ना शेत,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. म्हटलं, सगळ्या जगाने बघितले आहेत ते. आणि मग मी तिला मामांचा प्रश्न सांगितला, खिट्टीचं सांगितलं, लहान मुलाच्या चित्राचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिची नजर मुठीवर अडकवलेल्या पिशवीवर होती.

“आते उघडस का हाई? आतून?”

“उघडस.”

तिने पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मूठ ओढली. दार उघडलं. बाहेरचा आवाज आणि उसाच्या मळीचा वास एकदम आत आला. तिने दार बंद केलं आणि पुन्हा उघडलं. मग सीटवर बाजूला वळली, दोन्ही पाय बाहेर काढून खाली मातीवर ठेवले, आणि तशीच बसून राहिली. तिच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की तीही कधीतरी माझ्या वयाची होती.

आबा जिलेबीचा पुडा घेऊन आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. ते थबकले. दार कुणी उघडलं, त्यांनी विचारलं. मायने मीच उघडलं म्हणून सांगितलं. आबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तू ल्हानी व्हती तवय चालती गाडीमा दार उघाडी टाकं व्हतं. तवयपाइन ते लायेल शे.”

म्हणजे खिट्टी त्यांनीच लावली होती, त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं. “मंग काढं का नही?” मायने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. आबा पुडा या हातातून त्या हातात घेत राहिले. ध्यानातच राहिलं नाही, ते म्हणाले. आणि मला वाटतं ते खरं बोलत होते.

ते पुढे जाऊन बसले, गाडी सुरू केली आणि आरशातून मागे बघत म्हणाले, “लाव दार.”

मायने पाय आत घेतले नाहीत. “पोरले कोल्हापूरले धाडनं शे. खापरवालास्ले सांगा, चार महिना थांबा.”

“मी शब्द दिन्हा शे.”

“मंग दुसरा द्या.”

मी लहानपणापासून मायला आबांशी बोलताना ऐकत आले होते, पण हा आवाज मी ऐकलेला नव्हता. आबांनी गाडी बंद केली. एक ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागे आणखी एक. जिलेबीचा पाक पुड्यातून पुढच्या सीटवरच्या उपरण्यावर ठिबकत होता आणि त्यांना ते दिसत नव्हतं. लोक काय म्हणतील, ते एकदा म्हणाले. माय गप्प. गाडी घरी न्यायची नाही का, ते म्हणाले. माय गप्प. ती रस्त्याकडे तोंड करून बसलेली, पाय मातीत, एक हात उघड्या दारावर. त्या दाराशिवाय तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि ते उघडं असेपर्यंत गाडी हलणार नव्हती.  शेवटी आबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “चार महिना. मंग नही.”

मायने पाय आत घेतले आणि दार लावलं. स्वतःच्या हाताने, आतून.  घरी पोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, आणि त्या पाटल्या माझ्या मनगटात रुतत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया यायच्या आधी मी गाडीपाशी गेले. पिशवी आत राहिली होती, ती घ्यायला. दार उघडलं आणि कडेला बघितलं. खिट्टी पुन्हा खाली होती. तिच्याभोवतीचं ग्रीससुद्धा कुणीतरी नीट पुसून काढलेलं होतं. आबांनी ती रागाने लावली की काळजीने, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांच्याबाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नसत. पथारीवर एक बाई शिंकली, तिच्यामागे दुसरी. मी खिट्टी नखाने वर सरकवली, दार लावलं, आणि बॅग भरायला घरात गेले.